कॅमेऱ्याचं टोपडं

आमचं घर आणि बाबांचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये फक्त एक जाड निळा पडदा होता. दिग्रसच्या बसस्टँडवरून बाजाराकडं वळणाऱ्या रस्त्यावर पुढची खोली स्टुडिओची आणि मागच्या दोन आमच्या. पडद्याच्या पुढं बाबा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "मान थोडी इकडं, श्वास धरा," आणि पडद्यामागं आई पोळपाटावरची थाप थांबवून खरंच श्वास धरायची. फ्लॅशचा आवाज झाला की पुन्हा भाकरीची थाप सुरू व्हायची. त्या भाकरीचा, वाफाळत्या अंबाडीच्या भाजीचा आणि बाबांच्या डार्करूममधल्या औषधांचा असा एक मिळून वास आमच्या घराला होता. शाळेतल्या मुली म्हणायच्या की माझ्या दप्तरालासुद्धा तो येतो. कापसाच्या हंगामात जिनिंगची घरघर दिवसभर चाले आणि तिच्या खालून आईच्या शिलाई मशीनची टकटक. आई गल्लीतल्या बायकांचे परकर, पोरांचे गणवेश, विहारात पौर्णिमेला जमणाऱ्या बायकांची पांढरी पोलकी शिवायची. तिची शिवण इतकी सरळ असे की बाबा म्हणत, "फुटपट्टीनं मारली का वो?"

बाबांकडं कॅमेरे दोन होते. एक स्टुडिओतला, लाकडी, जड, जागचा न हलणारा. दुसरा जपानी, बाहेरगावच्या कामाचा. यवतमाळचे एक म्हातारे फोटोग्राफर धंदा सोडताना तो बाबांना देऊन गेले होते. त्या कॅमेऱ्याला आमच्या घरात धाकट्या लेकरासारखं वागवलं जाई. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राही. डब्यात तव्यावर कोरडे भाजलेले तांदूळ मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवलेले असत, दमट हवा ओढून घ्यायला. दर आठवड्याला ते तांदूळ पुन्हा भाजायचं काम माझं. बाबा सांगत, कॅमेऱ्याचे वैरी चार: पाणी, धूळ, ऊन आणि घाई. आमच्या गावात पाचवा वैरी म्हणजे कापूस. हिवाळ्यात हवेत तरंगणारे तंतू भिंगावर येऊन बसत आणि बाबा रबरी फुग्यानं फुंकर मारून ते उडवत. बोट लावलं की ओरडत. मी आठवीत असताना त्यांनी मला रोल भरायला शिकवलं, दहावीत प्रकाश मोजायला. कॉलेजात गेले तोवर लग्नांमध्ये बायकांचे फोटो मीच काढत होते, कारण बाया माझ्यासमोर मोकळ्या हसायच्या.

एका पावसाळ्यात बाबांच्या भिंगाच्या आत बुरशी आली. काचेच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. एका लग्नाच्या वरातीत भर पावसात काम केलं होतं, वरून नुसता रुमाल टाकून. नागपूरला नेऊन भिंग साफ करून आणलं, पण बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हा आईनं कॅमेरा मागितला. "मले माप घेऊ द्या," म्हणाली. बाबा हसले, पण तिनं खरंच टेपनं माप घेतलं, जसं बारशाच्या बाळाचं घेतात. युरियाच्या थैलीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असते, ती तिनं धुऊन, वाळवून, कापली. पुढं भिंगापुरतं घट्ट बसणारं गोल तोंड ठेवलं, मागं डोळा लावायच्या जागी साडीच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक बसवलं. दोन्ही बाजूंना हात घालायला बाह्या, बाह्यांच्या तोंडाशी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, म्हणजे मनगटाला घट्ट बसेल. खालून ओढायची दोरी. आणि सुईच्या भोकांतून पाणी जाऊ नये म्हणून दोरा आधी मेणबत्तीवर ओढलेला, वर शिवणीवर पुन्हा मेण घासून तव्याच्या उलट्या बाजूनं शेक दिलेला. कॅमेऱ्याला घातल्यावर ते अगदी तान्ह्या पोराच्या टोपड्यासारखं दिसलं. बाबांनी नाव ठेवलं तेच: टोपडं.

ते टोपडं चाललं. पाऊस असो, शेतातली धूळ असो, बाबा ते घालून बिनघोर उभे राहत. आर्णीचे राजाकाका, बाबांचे मित्र, तेही फोटोग्राफर, एकदा एका लग्नात ते पाहून थेट आमच्या घरी आले. "वहिनी, मलेही एक पाह्यजे." मग त्यांच्याकडं पाहून पुसदच्या एकानं मागितलं. मग वणीच्या एकानं, त्याला पावसापेक्षा कोळशाच्या धुळीची भीती होती. आई प्रत्येकाच्या कॅमेऱ्याचं माप पोस्टकार्डावर मागवून घेई आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक छोटी फुली घाली. "माह्या हातचं हाय हे कळाले पाह्यजे," म्हणे. शेवटी बाबांनी एक पाटी रंगवून घेतली आणि स्टुडिओच्या दारावर लावली: 'येथे कॅमेऱ्याची टोपडी शिवून मिळतील.' आईला वाचता यायचं, पण हळू. त्या पाटीसमोर ती भाजी घेऊन येताना रोज थांबायची आणि अक्षर अक्षर वाचून मग आत यायची. मी हे पडद्याआडून पाहिलेलं आहे. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर तसा भाव मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्याला कारण मी आहे, हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. बरेच दिवस टाळलं.

मला त्या टोपड्याची लाज वाटायची. दुसरं काही कारण नव्हतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला फोटो काढायला गेले, अंगणात रंग-पाणी उडत होतं म्हणून टोपडं घातलं, तर मुली पोट धरून हसल्या. "सुमे, बाळाले झबलं नाई आणलं का?" एकीनं तर अंगाईचं सोंग करून कॅमेरा पाळण्यात घालायला मागितला. युरियाच्या कंपनीची पुसट निळी अक्षरं प्लास्टिकवर उलटी दिसत होती, तीही त्यांनी मोठ्यानं वाचली. मी पण हसले त्यांच्याबरोबर. घरी येऊन आईला म्हटलं, सगळ्यांना फार आवडलं. तिनं विचारलं, "खरंच? काय म्हनत होत्या?" मी काहीतरी बनवून सांगितलं. खोटं बोलायची सुरुवात तिथूनच झाली असं मला आता वाटतं.

फाल्गुनात बाबा लुनावरून पडले आणि पाय मोडला. प्लास्टर चढलं. त्याच आठवड्यात उत्तमभाऊ आले. डोंगराच्या पायथ्याशी जो बंजाऱ्यांचा तांडा आहे तिथले. त्यांना यवतमाळला मास्तरची नोकरी लागली होती, तिथं भाड्याचं घर घेतलं होतं आणि त्या घरात आपल्या याडीचा, म्हणजे आईचा, मोठा फोटो लावायचा होता. जुन्या पद्धतीच्या पूर्ण पेहरावातला. "तिच्या वयाच्या बाया आता ते घालतच नाईत," म्हणाले. "होळीच्या आधी या. पळस फुलला आहे, तिले पळसाखाली उभं राह्याचं आहे." बाबांनी पायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सुमन जाईन," म्हणाले. "माह्यापेक्षा चांगला काढन." पहिल्यांदा एकटीवर बाहेरगावचं काम आलं होतं.

निघायच्या सकाळी आभाळ निरभ्र होतं. आईनं कॅमेरा, दोन रोल, कॅमेरा उभा करायचं तीन पायांचं तिकाटणं सगळं बॅगेत नीट लावलं आणि वरती टोपडं घडी करून ठेवलं. "वारा कसा फिरते ते सांगता येत नाई," म्हणाली. ती डबा भरायला आत गेली तेव्हा मी टोपडं काढलं आणि माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेत, पुस्तकांखाली दाबून टाकलं. मास्तर झालेल्या माणसासमोर ते घालायचं नव्हतं मला. खऱ्या फोटोग्राफरसारखं दिसायचं होतं. बस.

तांड्यावर पोचले तर सोमलीबाई तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. उत्तमभाऊंची आई, साठ-पासष्टीची, ताठ. अंगभर आरसे आणि नाणी जडवलेली काचळी, म्हणजे चोळी, जड लाल घागरा, केसांतून गालावर लोंबणारे चांदीचे गोंडे आणि मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे त्यांच्या त्या रुंद बांगड्या. लग्नात घातलेल्या, तेव्हापासून हातातून न उतरलेल्या. हलल्या की सगळं अंग वाजे. मला आधी लापशी खाऊ घातली, गुळाची, वर तूप. मी खाईपर्यंत त्या एकटक बघत होत्या. मग उत्तमभाऊंना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि उत्तमभाऊ हसले. "याडी म्हणते, एवढीशी पोरगी, फोटो हालन तं नाई ना?"

पळस तांड्याच्या वर, माळावर होता. पाऊण मैल चढण. तो फुललेला पळस आणि त्याखाली त्या लाल घागऱ्यातल्या सोमलीबाई असा तो देखावा मी आजही डोळे मिटले की पाहू शकते. मी तिकाटणं लावलं. एक रोल भरला. त्यांनी श्वास धरला, मी धरला. बसलेला, उभा, हात पुढं घेऊन बलिया दिसतील असा. सोमलीबाई आधी दगडासारख्या उभ्या होत्या, पण बाराव्या-पंधराव्या फोटोला त्या सैल झाल्या, मुलाकडं पाहून हसल्या आणि तो क्षण मी पकडला. मला माहीत होतं की पकडला. फोटोग्राफरला ते बोटाला कळतं.

त्यानंतर वारा फिरला. डोंगराच्या मागून काळं आभाळ इतकं झपाट्यानं आलं की सोमलीबाईंनीच आधी पाहिलं. "पाणी आवछ, छोरी!" त्या ओरडल्या. मी कॅमेरा तिकाटण्यावरून सोडवायला लागले. स्क्रू अडकला. घाईत मी तो उलटा फिरवत होते. टोपडं असतं तर तिकाटण्यावरच वरून ओढून दोरी आवळायची होती, एवढंच काम होतं. आधी टपोरे थेंब आले आणि मग गारा. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. बॅग जमिनीवर उघडी पडली होती, तिच्यात पाणी साचत होतं. उत्तमभाऊ म्हणाले, "झाकाले काय आनलं?" आणि मी स्क्रूच फिरवत राहिले. तेव्हा सोमलीबाईंनी डोक्यावरची आरशांची ओढणी ओढून काढली आणि कॅमेऱ्यावर टाकली, त्यावर स्वतः वाकल्या, कोंबडी पिलांवर पसरते तशा. त्यांच्या उघड्या डोक्यावर गारा पडत होत्या. मी त्यांना "नका, नका" म्हणत होते, पण कॅमेरा सोडून त्यांना ओढलं मात्र नाही. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. ओढणी कापडाची. पाणी कापडातून जायचं ते गेलंच.

गारा थांबल्या तेव्हा माळ पांढरा झाला होता आणि पळसाची फुलं खाली चिखलात. सोमलीबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यांनी आधी विचारलं ते कॅमेऱ्याचं. उत्तमभाऊंनी मला सांगितलं, "याडी विचारते, तुह्या बाबाचा कॅमेरा वाचला का?" मी म्हटलं, वाचला. आणि मग, बाबांनी दहा वेळा सांगितलेलं विसरून, की पाणी गेलेल्या कॅमेऱ्याचं काहीही फिरवायचं नाही, मी रोल मागं गुंडाळायला लागले. आत फिल्म भिजून चिकटली होती. फाटल्याचा आवाज मला ऐकू आला.

बसमध्ये मी कॅमेरा मांडीवर धरून बसले होते. भिंगाच्या आतून पाणी हलताना दिसत होतं. दिग्रसला येईपर्यंत मी काय सांगायचं ते ठरवलं होतं. अचानक सुचलं असं नाही. एकेक करून, नीट ठरवलं.

दिग्रसलाही पाऊस झाला होता. आईनं शेजारच्या गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या, त्या वाचवायला ती गेली होती. बाबा पुढं स्टुडिओत, पाय स्टुलावर ठेवून. मी मागच्या गल्लीनं आत शिरले. ट्रंक उघडली, पुस्तकांखालून टोपडं काढलं, मागच्या दारात पन्हाळीतून अजून पाणी पडत होतं तिथं ते धरलं. आतून-बाहेरून भिजवलं. वर थोडा चिखल लावला. मग कॅमेरा आणि टोपडं दोन्ही हातात घेऊन पुढं गेले आणि रडायला लागले. रडणं मात्र खरं होतं.

बाबा कॅमेऱ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "टोपडं घातलं होतं ना?"

"घातलं होतं," मी म्हटलं. "गळलं."

आई कुरड्यांचं सूप घेऊन दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. सूप खाली ठेवलं आणि माझ्या हातातलं टोपडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती अंगणात होती. टोपडं उलटं करून, बाह्या आणि पुढचं तोंड दोरीनं आवळून तिनं त्यात बादलीनं पाणी भरलं होतं, पिशवीसारखं, आणि बांबूच्या खुंटीला टांगलं होतं. ती खाली उकिडवी बसून शिवणीवरून बोट फिरवत होती. कुठंच थेंब नव्हता. तिनं पाणी ओतलं, पुन्हा भरलं. मग उलटसुलट करून पाहिलं. बाबा कुबड्या घेऊन दारात आले. "वारा असन," म्हणाले, "खालून घुसलं असन पानी." त्यांनी वाट दाखवली होती. मी फक्त "हो, तसंच झालं असेल" म्हटलं असतं तरी आईच्या हातावर आलेलं बालंट टळलं असतं. पण आईनं माझ्याकडं वळून विचारलं, "तू दोरी आवळली होती ना वो?" आणि मला वाटलं, आता आपल्यावर येतं.

"आवळली होती. शिवणीतूनच गळत होतं. मी पाह्यलं."

"पाह्यलं तू?"

"हो."

आईनं मान हलवली. "मंग गारीनं भोकं मोठी झाली असन," ती म्हणाली. "आपल्या डोयाले दिसत नाई, पन झाली असन." आणि त्यातलं पाणी तिनं तुळशीत ओतलं.

बाबा सरळ माणूस. त्यांनी त्याच दुपारी पोस्टकार्डं मागवली. राजाकाका, पुसदवाले, वणीवाले, सगळ्यांना कळवायचं की आमच्या टोपड्यानं गारपिटीत पाणी सोडलं, तुमचं वापरू नका, कॅमेरा जाईल. त्यांचं अक्षर वाईट होतं, म्हणून ती कार्डं मी लिहिली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'शिवणीत दोष आढळला.' हे वाक्य मी माझ्या सुबक अक्षरात प्रत्येक कार्डावर लिहिलं आणि स्वतः पेटीत टाकून आले. शेवटचं कार्ड टाकताना हात पेटीच्या तोंडाशी थांबला होता, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. मग सोडलं.

पाटी आईनं स्वतः काढली. बाबा म्हणाले, राहू दे, सुधारून शिवू. ती म्हणाली, "लोकाईचे कॅमेरे हायेत. जबाबदारीचं काम हाय, माह्यानं नाई व्हायचं." पाटीची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर ती पुढं पापड लाटायची. त्यानंतर तिनं जे काही शिवलं, परकर असो की उशीची खोळ, त्याला दुहेरी शिवण मारली. एकदा मारायची, तपासायची, पुन्हा त्यावरून मारायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काहून एवढा दोरा वाया घालवता? ती म्हणायची, "माह्या हाताचा भरवसा नाई." मी मागच्या खोलीत अभ्यास करत असायचे आणि मशीनचा तो दुसऱ्यांदा फिरणारा आवाज ऐकायचे. आजही टेलरच्या दुकानावरून जाताना मी पावलं भरभर उचलते.

नागपूरहून कॅमेरा तीन महिन्यांनी आला. पहिल्यासारखा झाला नाही. बाबा तोच घेऊन, लंगडत, उत्तमभाऊंच्या तांड्यावर पुन्हा गेले. सोबत मला नेलं. सोमलीबाई ओट्यावरच बसल्या होत्या, साध्या लुगड्यात. दरम्यान त्या पडल्या होत्या, एक हात मोडला होता, दुसऱ्याला मार लागला होता आणि दवाखान्यात दोन्ही सुजले म्हणून दोन्ही हातांच्या बलिया कापून काढाव्या लागल्या होत्या. हातांवर चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऊन न लागलेल्या कातडीचे पांढरे पट्टे राहिले होते. त्यांनी पदराखाली हात लपवून फोटो काढू दिला. मला पाहून कपाळावर हात नेऊन हसल्या, टेंगूळ आलं होतं तिथं. उत्तमभाऊंच्या घरात तो फोटो लागला. मी तो पाहायला कधी गेले नाही, जरी पुढं मीही यवतमाळलाच आले, तिथंच लग्न झालं, तिथंच स्टुडिओ चालवला.

सांगायच्या संधी खूप आल्या. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी तो जपानी कॅमेरा मला दिला तेव्हा मी तोंड उघडलं होतं. मग पाहुणे आले. पुढं बाबा आजारी पडले, यवतमाळच्या दवाखान्यात महिनाभर होते, मी रोज डबा घेऊन जायचे. दुपारी आम्ही दोघंच असायचो. एकदा त्यांनी स्वतःच विषय काढला. "तुह्या मायनं ते टोपडं पुन्हा शिवाले पाह्यजे होतं," म्हणाले. "एक डाव गळलं तं काय झालं? पन तिनं मनच सोडलं." मी त्यांची उशी सारखी केली. म्हटलं, पाणी देऊ का? ते गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच राहिलं असणार.

आई आता माझ्याकडं असते. ऐंशीच्या पुढं आहे, कानानं कमी ऐकू येतं, पण सुईत दोरा ओवते. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं, ऋतुजानं, जंगलात पक्ष्यांचे फोटो काढायला नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि कुरिअरनं त्याच्यासाठी पावसाचं कव्हर मागवलं. दुपारची वेळ होती, आम्ही तिघी जेवून बसलो होतो. पाकिटातून ते बाहेर आलं. दोन बाह्या, मागं पारदर्शक खिडकी, खाली ओढायची दोरी. आईनं ते हातात घेतलं आणि अंगठ्यानं शिवण चाचपली.

"ह्यातून पानी जाईन ना वो," ती नातीला म्हणाली.

"नाही जात, आजी. शिवणीवरून आतून पट्टी चिकटवलेली आहे."

"बरं केलं. आम्हाले पट्टी ठाऊक नव्हती. मी बी अशेच शिवत होती. पन माह्यं गळलं. तुह्या मायचा रोल गेला त्याच्यात, बाबाचा कॅमेरा गेला." आणि माझ्याकडं पाहून, माफी मागितल्यासारखं, हसली.

मी म्हटलं, "आई, ते गळलं नव्हतं."

तिला ऐकू गेलं नाही. "काय?"

"गळलं नव्हतं!"

"मोठ्यानं सांग."

जी गोष्ट इतकी वर्षं मनातल्या मनातसुद्धा मी हळू आवाजात म्हणत होते, ती मला ओरडून सांगावी लागली. ट्रंक, पुस्तकं, पन्हाळ, चिखल. काही वाक्यं दोनदा. ऋतुजा उठून आत जायला लागली तर आईनं तिला हातानं बसवलं. माझं सांगून झाल्यावर आईनं मांडीवरच्या त्या नव्या कव्हरची शिवण पुन्हा अंगठ्यानं चाचपली.

"मंग शिवन बरोबर होती?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"पह्यलीच? एकेरी?"

"हो."

"तुह्या बाबाले माहीत होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"दवाखान्यात होते तवा बी नाई सांगितलं?"

"नाही."

"म्हनजे त्याह्यच्या मनात मी गळकीच शिवणारी राह्यली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मी रडायला लागले. तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले. "रडू नको," ती म्हणाली. "राजाभाऊ हायेत ना अजून? त्याह्यले फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. कार्ड तूच लिवलं होतं ना? मंग तूच सांग."

राजाकाका आर्णीला मुलाकडं असतात, त्यांचंही वय झालंय. नंबर शोधला, लावला. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी नाव सांगितलं, ते खुश झाले, सगळ्यांची चौकशी केली. मग मी सांगितलं: काका, आईनं तुम्हाला कॅमेऱ्याचं टोपडं शिवून दिलं होतं, मग आम्ही कार्ड पाठवलं होतं की शिवणीत दोष आहे, तो दोष नव्हता, मी खोटं बोलले होते.

"कोनतं टोपडं बाई?" ते म्हणाले. "मले काई याद येत नाई. लय जुनी गोष्ट असन. वहिनी बऱ्या आहेत ना?"

आई समोर बसली होती, तोंडाकडं बघत. तिला फोनमधलं काही ऐकू येत नव्हतं. "काय म्हनतात?" तिनं विचारलं.

म्हणतात, वहिनीच्या शिवणीवर मला कधीच शंका नव्हती. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि तिला बरं वाटलं असतं.

"म्हणतात, त्यांना आठवत नाही," मी म्हटलं. मोठ्यानं, एकदाच.

आईनं मान हलवली. "नसन त्याह्यले," ती म्हणाली. "मले हाय." मग, "तो वणीवाला?"

"ते वारले, आई."

"पुसदवाला?"

"माहीत नाही. शोधावा लागेल."

"शोध मंग," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पदरानं पुसत तिथंच बसून राहिली, माझ्या हातातल्या फोनकडं बघत.